हीट गन घरात आणताय? ज्योत दिसत नाही, पण आग लागू शकते. वापरण्याआधी या गोष्टी समजून घ्या

गंगापूर रोड (नाशिक) : नाशिक शहरातून गंगापूर धरणाकडे जाणारा गंगापूर रोड म्हणजे गोवर्धन, दुगाव, गिरणारे परिसरातल्या गावांचा शहराकडे येण्याचा रोजचा रस्ता. द्राक्षबागेची औषधं, ठिबकचं सामान, मोटारीचे पार्ट घ्यायला माणूस शहरात येतो आणि जाताना एखादं अवजारही घेऊन जातो. ड्रिल मशीन आणि ग्राइंडर अनेक घरांत आधीपासून आहेत. आता त्यात हीट गनची भर पडते आहे. ऑनलाइन मागवली तरी साधारण हजार-दोन हजारांत ती घरपोच मिळते.

वस्तू कामाची आहे, यात शंका नाही. वायरच्या जोडावर स्लीव्ह बसवायला, ठिबकची नळी मऊ करायला, भांड्यावरचं स्टिकर काढायला, दाराचा जुना रंग खरवडायला ती उपयोगी पडते. अडचण अशी आहे की ती दिसायला केस वाळवायच्या ड्रायरसारखी असते. त्यामुळे घरातली माणसं तिला ड्रायरसारखीच हाताळतात. ज्योत दिसत नाही, धूर दिसत नाही, म्हणून धोकाही वाटत नाही. प्रत्यक्षात तिच्या तोंडातून निघणारी हवा कागद, कापड, कडबा पेटवण्याइतकी गरम असते.

हीट गन म्हणजे नेमकं काय?

गनच्या आत तारेची कॉइल असते आणि मागे छोटा पंखा. कॉइल तापून लाल होते, पंखा हवा पुढे ढकलतो आणि तोंडातून गरम हवा बाहेर पडते. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक गन १५०० ते २००० वॅटच्या असतात. स्विचला सहसा दोन पायऱ्या असतात. पहिल्या पायरीवर ३०० ते ४०० अंश सेल्सिअस, तर दुसऱ्या पायरीवर ५०० ते ६०० अंशांपर्यंत हवा तापते. तापमान कमी-जास्त करायचं बटण असलेल्या गनही मिळतात. घरकामासाठी तीच घेतलेली बरी.

हे आकडे किती मोठे आहेत ते असं समजून घ्या :

- पाणी १०० अंशांना उकळतं.
- पीव्हीसी पाइप ८० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतो.
- कागद साधारण २३० अंशांच्या पुढे पेट घेतो.
- शिसं ३२७ अंशांना वितळतं.

म्हणजे पहिल्याच पायरीवर गन या सगळ्यांच्या जवळ जाते किंवा पुढे जाते. दुसरी पायरी घरातल्या बहुतेक कामांना लागतच नाही.

खरेदी करतानाही नीट सांगा. धूळ उडवायचा ब्लोअर वेगळा आणि हीट गन वेगळी. दोन्ही पंख्याच्याच वस्तू असल्यामुळे नावात गोंधळ होतो. कॉम्प्युटर किंवा मोटारीच्या स्टार्टरमधली धूळ उडवायची असेल तर ब्लोअर हवा. तिथे हीट गन मारली तर आतल्या वायरी वितळतील.

आधी प्लग बघा, मग गन

२००० वॅटची गन २३० व्होल्टवर साधारण ८.७ अँपिअर करंट ओढते. १५०० वॅटची गनही साडेसहा अँपिअरच्या वर जाते. घरातला पंखा, टीव्ही, मोबाइल चार्जरचा छोटा सॉकेट ६ अँपिअरचा असतो. त्यावर हीट गन चालवली तर सॉकेट तापतो, पिवळा पडतो, जळका वास येतो आणि शेवटी वितळतो. गन जपून वापरली तरी आग भिंतीतल्या बोर्डातून लागू शकते.

म्हणून गन १६ अँपिअरच्या मोठ्या पॉवर सॉकेटवरच लावावी, म्हणजे ज्यावर गिझर चालतो त्यावर. गनची पिन लहान असेल आणि मोठ्या सॉकेटात सैल बसत असेल तर काडी खुपसून किंवा उघड्या वायरी घुसवून चालवू नका. वायरमनकडून योग्य टॉप बसवून घ्या.

एक्स्टेन्शन बोर्डाचंही तेच. मोबाइलसाठी घेतलेला बारीक वायरीचा बोर्ड इथे चालत नाही. जाड वायरीचा बोर्ड असेल तर वायर पूर्ण उलगडून ठेवा. गुंडाळी तशीच ठेवून मोठा लोड दिला की वायर आतल्या आत तापते. त्याच बोर्डावर मिक्सर किंवा पाण्याचा हीटर लावू नका. घरातल्या साध्या इन्व्हर्टरवर हीट गन चालत नाही. चालवायचा प्रयत्न केला तर इन्व्हर्टर ट्रिप होईल किंवा खराब होईल.

गनवर एका चौकोनात दुसरा चौकोन अशी खूण असेल तर ती दुहेरी इन्सुलेशनची आहे. अशा गनला दोन पिनचा टॉप असू शकतो. ती खूण नसेल तर तीन पिन आणि चालू अर्थिंग दोन्ही हवंच. मेन बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवलेला असेल तर उत्तम. ओल्या हाताने, ओल्या फरशीवर किंवा विहिरीच्या काठावर चिखलात उभं राहून गन धरू नये.

लाइट गेली तर सर्वांत आधी हे करा

ग्रामीण भागात हा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे. अनेक गनचा स्विच सरकवायचा असतो. एकदा चालू केला की तो चालूच राहतो. काम करताना लाइट जाते, गन बंद पडते. माणूस ती खाटेवर, गोणपाटावर किंवा लाकडी स्टुलावर ठेवतो आणि दुसऱ्या कामाला लागतो. अर्ध्या तासाने लाइट येते आणि गन आपोआप सुरू होते. तेव्हा तिचं तोंड कशाकडे आहे हे बघायला खोलीत कुणीच नसतं.

म्हणून लाइट गेली की आधी गनचा स्विच बंद करायचा, मग टॉप काढायचा आणि मगच जागेवरून उठायचं.

आणखी एक गोष्ट. लाइट अचानक गेली की पंखा थांबतो, पण कॉइल आणि पुढची लोखंडी नळी तशीच तापलेली असते. बंद पडलेली गनसुद्धा पुढची १५-२० मिनिटं चटका देऊ शकते. ती गादीवर किंवा प्लास्टिकच्या खुर्चीवर ठेवू नका. फरशीवर, विटेवर किंवा पत्र्यावर ठेवा.

कोणतं काम कसं करायचं?

*१) वायरच्या जोडावर स्लीव्ह बसवणे*

हीट गनचं हे सर्वांत चांगलं काम. काडीपेटी किंवा लायटरने स्लीव्ह आवळली तर ती एका बाजूने जळते आणि दुसऱ्या बाजूने सैल राहते. गनने ती चारही बाजूंनी सारखी आवळते.

वायर जोडण्याआधीच स्लीव्ह एका टोकातून ओवून ठेवा. बऱ्याच जणांचा जोड मारून झाल्यावर लक्षात येतं की स्लीव्ह घालायचीच राहिली. जोडाच्या दोन्ही बाजूंना दोन-तीन सेंटिमीटर झाकलं जाईल एवढी लांबी घ्या. स्लीव्ह साधारण १०० ते १२५ अंशांत आवळते, त्यामुळे पहिली पायरी पुरे. गन थोडी लांब धरून सतत हलवत राहा. मधून सुरुवात करा आणि टोकांकडे जा, म्हणजे आतली हवा बाहेर पडते. एकाच जागी धरली तर खालच्या केबलचं आवरणच वितळतं.

मोटारीच्या केबलला हात लावण्याआधी मात्र दहा वेळा खात्री करा. शेतातल्या अनेक स्टार्टरला ऑटो स्विच असतो. लाइट आली की मोटार आपोआप सुरू होते. लाइट नाही म्हणून जोड सोडायला बसलेल्या माणसाच्या हातात अशा वेळी थ्री फेज करंट येऊ शकतो. ऑटो बंद करा, मेन स्विच पाडा, फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवा. घरच्या माणसांना सांगून ठेवा, की कुणी मोटार चालू करायला जाऊ नये. पाण्यात बुडणाऱ्या जोडाला साधी स्लीव्ह चालत नाही, आतून गम असलेली लागते. विहिरीतल्या किंवा बोअरमधल्या मोटारीचा जोड जाणत्या वायरमनकडूनच करून घ्यावा.

*२) ठिबकची नळी आणि पाइप*

ठिबकची लॅटरल जॉइंटवर चढत नसेल तर तिला गनची गरजच नाही. थर्मासमध्ये गरम पाणी न्या, टोक अर्धा मिनिट बुडवा, नळी सहज चढते. गनच्या हवेत ही पातळ नळी काही सेकंदांत लोळागोळा होते.

पीव्हीसी पाइपाचं तोंड रुंद करायला बरेच जण काडीकचरा पेटवून पाइप त्यावर धरतात. त्यापेक्षा गन बरी. पण पाइप गोल फिरवत, लांबून गरम करा. मऊ पडला की थांबा. पाइप तपकिरी किंवा काळा पडायला लागला, झोंबणारा वास आला, तर तो जास्त तापला आहे. त्या वेळी पीव्हीसीमधून हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो. डोळे चुरचुरतात, घसा धरतो, दमेकऱ्यांना जास्त त्रास होतो. हे काम बंद खोलीत नको, ओट्यावर किंवा अंगणात करा आणि वारा पाठीमागून येईल असे बसा. गरम करून ताणलेल्या पाइपाची भिंत पातळ होते. जिथे मोटारीचं पूर्ण प्रेशर येतं तिथे असा जोड टिकत नाही. तिथे कपलर आणून बसवणंच स्वस्त पडतं.

*३) भांड्यावरचं स्टिकर*

नव्या स्टीलच्या भांड्यावरचं स्टिकर काढायला पहिली पायरी आणि पाच-दहा सेकंद पुरतात. स्टिकरच्या उलट्या बाजूने, म्हणजे आतून हवा मारली तर डिंक लवकर सुटतो. भांडं सांडशीत धरा, हातात नको. स्टील चटकन तापतं. राहिलेल्या डिंकावर खोबरेल तेल लावून पुसा. एखाद-दुसरंच भांडं असेल तर कढत पाण्यात भिजवलं तरी काम होतं. नॉन-स्टिक तव्यावर गन वापरू नका. त्याचं आवरण जास्त तापलं की त्यातून निघणारा धूर माणसाला बाधतो.

*४) गंजलेला नट-बोल्ट*

गरम केल्यावर लोखंड थोडं फुगतं, गंजाची पकड सुटते आणि पाना लागतो. उपाय चांगला आहे. पण गंज सुटावा म्हणून आधी रॉकेल, डिझेल किंवा स्प्रे मारलेला असेल तर त्यावर गन धरू नका. त्याची वाफ पेट घेते. एक तर गरम करा, नाही तर तेल सोडा. दोन्ही एकदम नको. शेजारी रबरी वॉशर, ऑइल सील, वायरी आहेत का तेही बघा.

*५) दारं-खिडक्यांचा जुना रंग*

यात घरच्यांच्या तब्येतीचा प्रश्न आहे. भारतात घरगुती रंगातलं शिसं ९० पीपीएमच्या आत ठेवण्याचा नियम २०१६ साली झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधी मारलेल्या ऑइल पेंटमध्ये शिसं जास्त असू शकतं. जुन्या वाड्याच्या दारावर असे चार-पाच थर एकावर एक असतात. रंग गनने जास्त तापवला तर शिशाची वाफ निघते. खरवडताना उडालेले पापुद्रे आणि धूळ जमिनीवर पडते. रांगणारं मूल तोच हात तोंडात घालतं. शिशाचं कोणतंही प्रमाण सुरक्षित मानलं जात नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर आणि गरोदर बाईच्या पोटातल्या बाळावर त्याचा परिणाम होतो.

अमेरिकेत अशा जुन्या रंगावर ११०० फॅरनहाइट, म्हणजे साधारण ५९० अंश सेल्सिअसच्या वर हीट गन चालवायला मनाई आहे. आपल्याकडच्या गनची दुसरी पायरी नेमकी तिथपर्यंत पोचते. म्हणून रंग जुना असेल तर सोपा मार्ग असा : पाणी मारून ओला करा आणि वॉटर पेपरने घासा. धूळ उडत नाही. गनच वापरायची असेल तर पहिली पायरी ठेवा, दार काढून बाहेर न्या, मुलं आणि गरोदर बाई लांब ठेवा. रंग फुगला की लगेच पत्र्याच्या पट्टीने खरवडा, धूर निघेपर्यंत थांबू नका. पापुद्रे ताडपत्रीवर गोळा करा. ते चुलीत जाळू नका, शेतात किंवा कोंबड्यांच्या खुराड्याजवळ टाकू नका. हात-तोंड धुऊन मगच जेवायला बसा.

इथे हीट गन नकोच

- मोटारसायकलची टाकी : टाकीवरचं जुनं स्टिकर काढायला गन मारणं म्हणजे पेट्रोलच्या वाफेजवळ लाल कॉइल नेणं. गाडी थोडा वेळ उन्हात ठेवा किंवा कोमट पाण्याचं फडकं ठेवा, स्टिकर निघतं.
- स्वयंपाकघरात सिलिंडरजवळ : एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो जमिनीलगत साचतो.
- औषधांचे डबे : फवारणीच्या औषधाचा रिकामा डबा तापवला तर विषारी वाफ नाकात जाते. लेबल काढून डबा घरात वापरायचा विचारही नको.
- स्प्रेचे डबे : अत्तर, डासांचा स्प्रे, रंगाचा स्प्रे. गरम झाल्यावर फुटतात.
- मोबाइल : स्क्रीन काढायला व्हिडिओ बघून गन मारू नका. आतली लिथियम बॅटरी तापली तर फुगते, पेटू शकते.
- ओले कपडे, बूट, केस : पावसाळ्यात मुलांचा गणवेश वाळत नाही म्हणून गन काढू नका. कापड बघता बघता करपतं.
- गोठा आणि चाऱ्याची खोली : कडबा, भुसा, गोणपाट, थर्माकोल, फोम असेल तिथे गन चालवू नये.

काम संपलं, पण धोका संपलेला नसतो

गन लगेच बंद करू नका. सर्वांत कमी पायरीवर किंवा थंड हवेवर दोन-तीन मिनिटं चालू द्या, मग बंद करा. तोंड वर करून फरशीवर उभी ठेवा. पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात किंवा पिशवीत घालू नका. वायर गनला गुंडाळायची तर तीही गार झाल्यावरच.

जुन्या लाकडात फटी आणि पोकळ्या असतात. गरम हवा फटीतून आत जाते. आत साचलेला लाकडाचा भुगा, कोळ्याची जाळी, उंदरांनी नेलेला कापूस धुमसत राहतो. बाहेरून काही दिसत नाही, आणि तासाभराने धूर निघतो. म्हणून दार, चौकट किंवा वासा गरम केल्यावर किमान अर्धा ते एक तास तिथे कुणी तरी थांबावं. हात लावून बघावं, वास घ्यावा. संध्याकाळी काम संपवून सगळे झोपायला गेले असं होऊ नये. रंगाचं काम सकाळी काढलेलं बरं. शेजारी पाण्याची भरलेली बादली आणि वाळू ठेवा.

कपडे सुती घाला. नायलॉनची साडी, टेरीकॉटचा शर्ट, सैल ओढणी नको. चष्मा आणि जाड हातमोजे घाला. रबरी किंवा प्लास्टिकचे मोजे मात्र नकोत, ते हातालाच चिकटतात.

भाजलं तर काय कराल?

- भाजलेली जागा लगेच नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरा. साधारण २० मिनिटं. घाई करू नका.
- बांगड्या, अंगठी, घड्याळ सूज येण्याआधी काढा.
- टूथपेस्ट, हळद, तूप, शाई, बर्फ यातलं काहीही लावू नका. जखम बिघडते आणि डॉक्टरांना ती नीट दिसत नाही.
- फोड फोडू नका. चिकटलेलं कापड किंवा प्लास्टिक ओढून काढू नका.
- स्वच्छ कापडाने हलकं झाकून दवाखान्यात न्या.

चेहरा, हाताचा पंजा किंवा सांधा भाजला असेल, जखम तळहातापेक्षा मोठी असेल, किंवा भाजलेलं लहान मूल असेल तर घरगुती उपाय करत बसू नका. १०८ला फोन करा किंवा जवळच्या ग्रामीण रुग्णालयात न्या.

विजेच्या वस्तूला आग लागली तर आधी मेन स्विच पाडा, मगच पाणी टाका. स्विचपर्यंत जाता येत नसेल तर वाळू टाका. अग्निशमनसाठी १०१, कोणत्याही आपत्तीत ११२ आणि गॅसगळतीसाठी १९०६ हे क्रमांक मोबाइलमध्ये सेव्ह करून ठेवा. गॅसचा वास येत असेल तर कोणतंही बटण चालू किंवा बंद करू नका. दारं-खिडक्या उघडा आणि बाहेर येऊन फोन करा.

गन हातात घेण्याआधी स्वतःला विचारा

१. सॉकेट १६ अँपिअरचा आहे का?
२. ज्या वस्तूवर हवा मारतोय तिच्या मागे काय आहे?
३. मुलं कुठे आहेत?
४. लाइट गेली किंवा फोन आला तर गन कुठे ठेवणार?
५. हेच काम गरम पाण्याने किंवा पान्याने होईल का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर "हो" असेल तर गन डब्यातच राहू द्या.